परिषद भरवताय? आधी मानपानाचा रकाना वेगळा काढा

आमच्या भांडारात, लोखंडी कपाटाच्या मागे, ज्यूटच्या एकशे चाळीस बॅगा पडून आहेत. परिषदेचं नाव, तारीख, दोन बोधचिन्हं आणि प्रायोजकाची जाहिरात एवढं सगळं त्यांच्यावर छापलंय, त्यामुळे भाजी आणायलाही कुणी त्या नेत नाही. मागवल्या होत्या साडेतीनशे, माणसं आली दोनशे दहा.

मी मराठवाड्यातल्या एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात आहे. परिषदेचं विज्ञान मला कळत नाही, पण तिची फाइल कळते. उधळपट्टी म्हटलं की लोकांना लगेच खाबूगिरी आठवते. बहुतेक फाइलींत तसं काही नसतं. बिलं खरी असतात, सह्या खऱ्या असतात, वस्तूही आलेल्या असतात. घोळ होतो तो पहिल्याच बैठकीत, कुणीतरी वडीलधारं "पण आपलं नाव राहिलं पाहिजे" असं म्हणतं तेव्हा. त्या घटकेपासून परिषदेचं लग्नघर होतं. मग मांडव, वऱ्हाड, आहेर, रुसवेफुगवे, सगळं ओघानं आलंच.

पुढचं सगळं संयोजन समितीत नव्यानं पडलेल्यांसाठी. साधारण दोनशे माणसं आणि दोन दिवस, असं धरून लिहिलंय.

परिषद हवी आहे का, हे आधी विचारा

प्रश्न उद्धट वाटेल, पण पहिल्या टिपणीत याचं उत्तर हवं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठीच्या २०१८ च्या नियमावलीतल्या तक्त्यात परिषदेतल्या निबंधाला किंवा व्याख्यानाला राज्य पातळीवर २, राष्ट्रीय पातळीवर ३ आणि देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५ गुण होते. दोन-तीन गुणांच्या या फरकापायी किती फलकांवर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द चढला, ते मी पाहिलंय. परदेशातले एक सर ऑनलाइन वीस मिनिटं बोलले, आवाज तुटत होता, पण परिषद आंतरराष्ट्रीय झाली. पातळी वाढली की पाहुणे वाढतात, पाहुणे वाढले की खोल्या आणि गाड्या वाढतात, आणि ऐकणारे मात्र तेच राहतात.

एक कागद घ्या. या दोन दिवसांत कोणत्या तीन प्रश्नांवर चर्चा झाली पाहिजे आणि ती ऐकायला कोण आलं पाहिजे, एवढंच लिहा. तीन प्रश्न सुचत नसतील तर चाळीस जणांची एक दिवसाची कार्यशाळा घ्या. तिला कमान लागत नाही.

तारीख: पंचांग उघडा

हा सल्ला तुम्हाला कुठल्या नियमावलीत सापडणार नाही. बहुतेक परिषदा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात, कारण अनुदान हातात पडलेलं असतं आणि ३१ मार्चच्या आत ते संपवायचं असतं. संपवायचे पैसे आणि लागणारे पैसे यात फार फरक आहे. मार्चमध्ये छपाईवाला, मंडपवाला, केटरर सगळे भाव खातात, आणि 'उरलेत तर अजून शंभर फोल्डर घेऊन टाका' हे वाक्य हमखास ऐकू येतं.

त्यापेक्षा पौष बघा. पौषात आपल्याकडे लग्नं नसतात. मंगल कार्यालयं, आचारी, मंडप, हॉटेलच्या खोल्या, गाड्या सगळं मोकळं असतं आणि दरावर बोलता येतं. साधारण जानेवारीचे दिवस, हवा थंड, एसी लावायची गरज नाही, शिवाय हुरड्याचा हंगाम. दुसरा पर्याय पितृपक्षाचा. तेव्हा पावसाची टांगती तलवार असते, आणि काही ज्येष्ठ मंडळी 'पक्षात उद्घाटन कसं करायचं' म्हणून नाक मुरडतात. वैज्ञानिक परिषदेत हा आक्षेप निघतो तेव्हा मी खाली मान घालून हिशेब लिहीत बसतो.

तारीख ठरवताना सहलीचा वारही बघा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. एका परिषदेची शनिवार-रविवारची सत्रं झाल्यावर दोन बस सोमवारी अजिंठ्याला निघाल्या. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, बंद फाटकाचं दर्शन आणि परत. बसचं भाडं अर्थातच पूर्ण द्यावं लागलं.

अंदाजपत्रक तीन रकान्यांत लिहा

नेहमीचं अंदाजपत्रक शीर्षवार असतं: छपाई, प्रवास, निवास, भोजन, संकीर्ण. त्यात काहीच दिसत नाही. शाल 'संकीर्ण'मध्ये लपते आणि फलक 'छपाई'त. त्याऐवजी प्रत्येक ओळ तीनपैकी एका रकान्यात टाका. विज्ञान: वक्त्यांचा प्रवास, विद्यार्थ्यांना मदत, पोस्टरचे स्टँड, ध्वनिक्षेपक, चित्रीकरण. गरज: जेवण, चहा, पाणी, सभागृह, निवास, स्वच्छता. मान: उरलेलं सगळं.

पाच लाखांच्या परिषदेचं एक उदाहरण देतो. दर तुमच्या गावचे घाला. बॅगा २०० × २५० रुपये, म्हणजे ५०,०००. स्मृतिचिन्हं ३० × ६००, म्हणजे १८,०००. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ ३० × ४५०, म्हणजे १३,५००. कमान आणि फलक २५,०००. व्यासपीठाची फुलांची सजावट २०,०००. बेरीज १,२६,५०० रुपये, म्हणजे एकूण रकमेचा पाव हिस्सा. यातली एकही ओळ एकटी बघितली तर डोळ्यांत खुपत नाही. म्हणूनच ती मंजूर होते.

आता हीच रक्कम दुसरीकडे लावून बघा. हिंगोली, उदगीर, अंबाजोगाई अशा गावांतल्या संशोधक विद्यार्थ्याचं नोंदणी शुल्क आणि एसटीचं भाडं मिळून दीड हजार धरलं तर चौऱ्याऐंशी मुलं फुकट येऊ शकतात. समितीच्या बैठकीत नुसतं 'काटकसर करा' म्हणून कुणी ऐकत नाही. ही बेरीज फळ्यावर मांडा, लोक गप्प होतात. माझा नियम असा: मानाचा रकाना पाच टक्क्यांच्या वर गेला की फाइल परत पाठवायची. शून्य टक्के म्हणू नका. पाहुण्याच्या हातात काहीतरी ठेवल्याशिवाय आपल्याकडं चैन पडत नाही, आणि ते खोटंही नाही.

उद्घाटन: खुर्च्या मोजा

परिषदेत सर्वांत जास्त वाया जातो तो वेळ, आणि त्याचं व्हाउचर नसतं. व्यासपीठावर नऊ मान्यवर, प्रत्येकाच्या सत्काराला तीन मिनिटं म्हणजे सत्तावीस मिनिटं, प्रत्येकाचे 'दोन शब्द' दहा मिनिटांचे म्हणजे दीड तास. समोर दोनशे माणसं बसलेली. दोन तास गेले म्हणजे चारशे तास गेले. हैदराबादहून आलेल्या एका बाईंचं बीजभाषण पंचेचाळीस मिनिटांचं होतं. उद्घाटक दीड तास उशिरा आले, आणि बाईंना बारा मिनिटं मिळाली. त्यांच्या विमानाचे, गाडीचे, खोलीचे पैसे आम्ही पूर्ण दिले होते. बारा मिनिटांच्या हिशेबात ते देशातलं महागडं व्याख्यान ठरावं.

पाचच खुर्च्या ठेवा आणि हे निमंत्रणाआधी ठरवा. एकदा पत्रिकेत नाव छापलं की ते काढता येत नाही. पहिलं व्याख्यान नऊला, उद्घाटन साडेअकराला असा क्रम लावून बघा. उद्घाटक उशिरा आले तरी विज्ञान अडत नाही. सत्कार एकत्र, जागेवर. शालीऐवजी खादीचा पंचा द्या. राष्ट्रध्वज ज्या नांदेडात तयार होतो, तिथली खादी मिळाली तर पाहुण्याला सांगायला एक गोष्टही होते. हिमरू शाल किंवा पैठणीचा बटवा द्यायचाच असेल तर तो फक्त बाहेरून आलेल्या वक्त्यांना. आपल्याच विभागप्रमुखांना आपणच शाल घालण्याची प्रथा कुणी काढली कोण जाणे. दर वर्षी त्याच पाच-सहा जणांना. घरी शालींचा ढीग झाला असेल, आणि मार्चमध्ये मराठवाड्यात शाल!

जेवण

इथं थोडा वेळ थांबू, कारण डोळ्यांदेखत नासाडी होते ती इथंच.

केटररला आकडा कोण सांगतं? बहुधा नोंदणी समिती, आणि ती कमी पडायच्या भीतीनं वाढवून सांगते. भोजन समिती त्यावर आणखी वाढवते. एकदा आमच्या आचाऱ्यानंच मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, तुम्ही तीनशे ताटं सांगायलाव, पण दुसऱ्या दिवशी दुपारी दीडशे बी येत न्हाईत बघा. मी लग्नाचं करतो, मला कळतंय." त्याचं खरं होतं. पहिल्या दिवशी दुपारी गर्दी असते. संध्याकाळी गावातली मंडळी घरी जातात. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र हातात पडलं की लोक बस स्टँड गाठतात. चार जेवणांना एकच आकडा सांगणं हीच चूक.

म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्या. पहिली, हमीची ताटं नोंदणीच्या सत्तर टक्केच, पुढचा आकडा आदल्या संध्याकाळी सात वाजता. दुसरी, बिल वापरलेल्या ताटांवर. ताटं मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची, आणि मोजायला आपला माणूस उभा करायचा. तिसरी, प्रत्येक जेवणाचं कुपन वेगळं, आणि सकाळच्या चहालाच 'दुपारी जेवणार आहात का' विचारून ते द्यायचं. चार जेवणांची कुपनं बॅगेत एकदम घालून दिली तर ती फक्त कागद राहतात.

पदार्थ कमी ठेवा. पनीरची भाजी, मिक्स व्हेज, छोले, दाल तडका, पुलाव, जीरा राइस, तीन गोड, चाट, पापड, दोन सॅलड असं सगळं मांडलं की माणूस सगळ्यातलं थोडं थोडं घेतो आणि निम्मं टाकतो. दोष त्याचा नाही, टेबलाचा आहे. ज्वारीची गरम भाकरी, पिठलं किंवा येसर आमटी, एक फळभाजी, एक पालेभाजी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, भात-वरण आणि एक गोड. भाकरी तव्यावरून थेट ताटात जाईल अशी चूल बचत गटाच्या बायकांना लावून द्या. मागणी बघून भाकरी थापली जाते, त्यामुळे उरतच नाही. बाहेरचे पाहुणे पनीर सगळीकडे खातात, भाकरीची रांग मात्र कायम लांब असते. कृषी शास्त्रज्ञांची परिषद असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी मोती' हे ज्वारीचं वाण ताटातच दाखवता येतं. ज्वारीच्या पोषणमूल्यांवर चर्चासत्र आणि जेवायला मैद्याचा नान, हेही मी पाहिलंय.

गोड आणि भजी वाढप्याच्या हातानं वाढा, बाकीचा बुफे ठेवा. ताटं लहान घ्या. दुसऱ्यांदा घ्यायला कुणी लाजत नाही, पण भरलेलं ताट टाकायलाही लाजत नाही.

तरीही अन्न उरेल. ते कुठं जाणार हे आधी ठरलेलं हवं. जेवण संपल्यावर फोन फिरवायला लागलात तर आमटीला वास येईपर्यंत कुणी येत नाही. जवळच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांशी आदल्या दिवशी बोला. तिथल्या मेसचा त्या रात्रीचा स्वयंपाक तेवढा कमी करायला सांगा, नाहीतर तुमचं वाचलेलं त्यांच्याकडं वाया जातं. टेबलावर न आलेलं, पातेल्यात झाकलेलं अन्नच द्या. ताटांतलं उष्टं थेट कंपोस्टच्या खड्ड्यात.

पाणी आणि कचरा

दोनशे माणसं, दिवसाला अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या, दोन दिवस: बाराशे बाटल्या, सहाशे लिटर पाणी. तेच पाणी वीस लिटरच्या तीस जारमध्ये मावतं. पाणी व्यवस्थापनावरच्या एका परिषदेनंतर आमच्या सफाईच्या मावशी अर्ध्या-अर्ध्या बाटल्या उघडून बादलीत ओतत होत्या आणि बादली गुलमोहराला घालत होत्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे त्याच परिषदेतल्या चार-पाच सादरीकरणांत आलेलं होतं. जार, स्टीलचे पेले आणि ते विसळायला दोन माणसं, एवढं पुरतं. निमंत्रणपत्रातच 'आपली पाण्याची बाटली सोबत आणावी' अशी एक ओळ टाका. व्यासपीठावर तांब्या-भांडं ठेवा, छान दिसतं.

देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेट, पेले, चमचे आणि सजावटीचा थर्माकोल यांवर बंदी आहे. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही त्यात येतात. महाराष्ट्रानं तर २०१८ मध्येच बंदी घातली होती. तरी 'केटररनं आणलं, आम्हाला माहीत नाही' हे उत्तर येतंच, म्हणून करारात लिहा. जागा परवानाधारक नसेल आणि शंभरपेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, असं घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच होतं. आमच्याकडं हे कुणाला सांगितलं तर हसतात. २०१८ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) नारेगाव कचरा डेपोला गावकऱ्यांनी विरोध केला आणि शहरात चौकाचौकांत ढीग साचले, ते दिवस विसरलेत बहुतेक.

फलक एकच करा, कापडाचा, आणि त्यावर वर्ष टाकू नका. व्यासपीठामागं पडद्यावर प्रोजेक्टर आहेच. फ्लेक्सवर संस्थाचालकांचे फोटो लागले की परिषदेचा विषय तळाच्या ओळीत जातो.

बॅग, स्मरणिका, आयएसबीएन

बॅग नकोच. पॅड आणि पेन नोंदणीच्या टेबलावर ठेवा, ज्याला हवं तो घेईल. निम्मे लोक घेत नाहीत.

स्मरणिकेच्या दोनशे प्रती छापण्यापेक्षा गोषवाऱ्यांची पीडीएफ आठ दिवस आधी सगळ्यांना पाठवा, म्हणजे कोणतं सत्र ऐकायचं ते ठरवता येतं. छापील प्रती पंधरा, ग्रंथालयासाठी आणि वक्त्यांसाठी. एक गोष्ट मुद्दाम सांगतो: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन होतो. तेव्हा 'आयएसबीएन शुल्क' म्हणून कुणी प्रकाशक निबंधामागं पैसे मागत असेल, तर ते नेमके कशाचे, हे विचारा. विद्यार्थ्यांकडून नोंदणी शुल्क, वर प्रकाशन शुल्क, आणि सादरीकरणाला पाच मिनिटं. समोर सत्राध्यक्ष आणि पुढच्या नंबरचे दोघं. खरं तर ही उधळपट्टी त्या मुलांच्या खिशातून होते, म्हणून ती आमच्या फाइलीत दिसत नाही.

पाहुण्यांच्या गाड्या

एका पाहुण्याला एक गाडी हा हट्ट सोडा. विमानाच्या आणि रेल्वेच्या वेळा एका तक्त्यात लिहा, एक मोठी गाडी फेऱ्या मारू शकते. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसनं येणारा पाहुणा पहाटे उतरतो. त्याला त्याच वेळी खोली मिळेल असं बघा, नाहीतर एका रात्रीचं जादा भाडं पडतं. संस्थेचं अतिथिगृह असताना हॉटेल घ्यायचं तर कारण लेखी हवं. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१४ मध्ये आपल्या खात्यांना पंचतारांकित हॉटेलांत बैठका आणि परिषदा घ्यायला मनाई केली होती. तो आदेश तुमच्या संस्थेला लागू असो-नसो, लेखापरीक्षक तो हातात घेऊनच येतो.

फाइल बंद करताना

केंद्राचं अनुदान असेल तर खरेदीचे तुकडे पाडून ती लहान दाखवू नका. तीन बिलं, एकच दुकान, एकच तारीख, प्रत्येक बिल मर्यादेच्या जरासं खाली: हे जीएफआर २०१७ च्या, म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांच्या, नियम १५७ मध्ये बसत नाही आणि कुठल्याही परीक्षकाला दुरूनच दिसतं. दरपत्रकाशिवाय किती रकमेची खरेदी चालते, ती मर्यादा बदलत राहते. चालू आदेश बघूनच ऑर्डर काढा. अनुदानावर मिळालेलं व्याज परत करायचं असतं. उपयोगिता प्रमाणपत्र १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. उचललेल्या अग्रिमाचं, म्हणजे आगाऊ रकमेचं, समायोजन मात्र पंधरा दिवसांत करून टाका. तीन महिन्यांनी फूलवाला सापडत नाही.

आणि एक कागद, जो कुणी मागत नाही पण मी आता सक्तीनं लावून घेतो. त्यावर चार आकडे असतात: नोंदणी किती, प्रत्येक जेवणाला ताटं किती उठली, काय काय उरलं, आणि शेवटच्या सत्रात खुर्चीत किती माणसं होती. चौथा आकडा संयोजकांना आवडत नाही. मागच्या खेपेला एका सरांनी तिथं 'समाधानकारक' असं लिहून पाठवलं होतं. मी फाइल परत केली, तेव्हा 'सदतीस' लिहून आली.

त्या एकशे चाळीस बॅगांचं काय करायचं हेही यंदा ठरलं. छापलेली बाजू आत करून शिवून द्यायला बचत गटातल्या एका ताई तयार झाल्यात, बॅगेमागं वीस रुपये. टिपणी वर गेली आहे.